‘क्लीव्ह’: एका खोट्या विरोधाभासाबद्दल

इंग्रजी शब्दांच्या गमती सांगणाऱ्या लेखांत ‘क्लीव्ह’ हे क्रियापद हमखास भेटतं. त्याचा एक अर्थ चिरून वेगळं करणं, दुसरा घट्ट चिकटून राहणं. एकाच शब्दाच्या पोटात दोन विरुद्ध अर्थ म्हटलं, की पुढचं वाक्य ठरलेलं असतं: जवळिकीतच दुरावा दडलेला असतो, भाषेला हे आधीपासून ठाऊक होतं, वगैरे. कवितेवर लिहिणारेही या शब्दाचा असाच आधार घेतात. माझा आक्षेप या ‘वगैरे’ला आहे.

कारण मुळात हा एक शब्दच नाही. जुन्या इंग्रजीत ‘क्लेओफान’ म्हणजे चिरणं आणि ‘क्लिफियन’ म्हणजे चिकटणं. पहिल्याचं दूरचं नातं कोरण्यासाठीच्या ग्रीक क्रियापदाशी, म्हणजे फाँटमध्ये आपण ज्याला ‘ग्लिफ’ म्हणतो त्याच्याशी. दुसऱ्याचं ‘क्ले’ आणि ‘ग्लू’शी. काळाच्या ओघात उच्चार झिजत गेले आणि दोन्ही शब्द एकाच स्पेलिंगवर येऊन थांबले. जर्मनमध्ये अशी गल्लत झाली नाही. तिथे ‘क्लीबेन’ म्हणजे चिरणं आणि ‘क्लेबेन’ म्हणजे चिकटणं. आमच्या धंद्याच्या भाषेत इंग्रजीतला हा प्रकार म्हणजे साधं नेम कोलिजन. दोन वेगळ्या फंक्शनना योगायोगाने एकच नाव पडलं, तर कोणी त्यात अंतर्विरोध शोधत बसत नाही.

प्रत्यक्ष वापरात तर हा गोंधळ होतच नाही. १६११च्या इंग्रजी बायबलमध्ये अब्राहाम होमासाठी लाकडं फोडतो, तिथे भूतकाळी रूप ‘क्लेव्ह’ आहे. रूथच्या गोष्टीत एक सून सासूचा निरोप घेऊन माहेरी परतते आणि रूथ मात्र सासूला बिलगून राहते, तिथेही ‘क्लेव्ह’च. एकाच ग्रंथात, तंतोतंत एकच रूप. तरी कोणाही वाचकाला रूथने सासूला फोडून काढलं असं वाटत नाही, कारण वाक्यरचना दोघांना वेगळं ठेवते. चिरणारं क्रियापद थेट कर्म घेतं. चिकटणाऱ्याला ‘टू’ किंवा ‘अंटू’ लागतं. मूळ हिब्रूत तर दोन्ही ठिकाणी वेगवेगळी क्रियापदं आहेत, आणि रूथच्या क्रियापदाचा जो धातू आहे त्याच धातूपासून आजच्या हिब्रूतला गोंदाचा शब्द आला आहे.

या विरोधाभासाच्या कौतुकात खरं नुकसान होतं ते चिरणाऱ्या ‘क्लीव्ह’चं. त्याचा स्वतःचा अर्थ बारीक आहे आणि तो मागे पडतो. करवत लाकडाच्या रेषांना जुमानत नाही, हवं तिथे कापते. ‘क्लीव्ह’ करणारा आधी रेषा पाहतो आणि पाचर तिथेच ठोकतो. व्हायकिंग लोक जहाजांच्या फळ्या करवतीने कापत नसत, ओक असा फाकवून काढत. तंतू अखंड राहत, म्हणून फळी पातळ असूनही चिवट होई. १९०५ साली सापडलेला ३१०६ कॅरटचा कलिनन हिरा १९०८मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला योसेफ आशरने फोडला, तोही असाच: आधी नीट अभ्यास, मग ठरलेल्या जागी खाच, मग घाव. पहिल्या घावाला हिरा नाही, पातंच मोडलं. हिऱ्याला कुठेही घाव घालून चालत नाही. त्याच्या आत आधीपासून असलेल्या प्रतलावरच तो सरळ दुभंगतो.

म्हणजे या क्रियापदात ताकदीपेक्षा ओळख जास्त आहे. आपल्याकडे बुरूड बांबूच्या कामट्या काढतो ते कौशल्य याच जातीचं. मोठा, जुना प्रोग्राम तोडून लहान सेवा करायच्या असतात तेव्हाही प्रश्न हाच असतो: रेष कुठे आहे? ती न पाहता केलेले तुकडे दिवसभर एकमेकांनाच फोन करत बसतात.

विरुद्ध वाटणारे अर्थ खरोखर एकाच मुळातून आलेला शब्द हवा असेल, तर मराठीत ‘फुटणं’ आहे. मडकं फुटतं आणि पालवीही फुटते. धरण फुटतं आणि वाचाही फुटते. इथे दोन शब्दांची टक्कर झालेली नाही. आतलं काही बाहेर यायचं तर वरचं कवच तडकावं लागतं, या एकाच अनुभवातून शेवट आणि सुरुवात दोन्ही आले आहेत. ‘क्लीव्ह’वर लादलेलं तत्त्वज्ञान इथे न लादता मिळतं.

याचा अर्थ कवीने ‘क्लीव्ह’शी खेळू नये असा नाही. जरूर खेळावं. दोन स्तंभांत दोन कविता लिहून आडव्या ओळींत तिसरी वाचायला लावणारा ‘क्लीव्ह पोएम’ हा प्रकार इंग्रजीत आहेच. पण त्या खेळाचं श्रेय कवीला द्यावं, शब्दकोशाला नाही. भाषेने योगायोगाने शेजारी आणून ठेवलेल्या दोन शब्दांत नातं जोडणं हे कवीचं काम. ते जोडकाम कुठे केलंय हे दाखवणं समीक्षकाचं. शब्दातच सगळं होतं असं म्हटलं, की दोघांचंही काम पुसलं जातं.