रात्र मोजणे आणि रात्र काढणे : 'दि आर्क्टिक होम इन द वेदाज'चे एक पुनर्वाचन

प्रस्तावना

लोकमान्य टिळकांचा 'दि आर्क्टिक होम इन द वेदाज' हा इंग्रजी ग्रंथ १९०३ मध्ये प्रसिद्ध झाला. आर्यांचे मूलस्थान उत्तर ध्रुवाच्या परिसरात होते, हा त्यातील सिद्धान्त आज विद्वानांत मान्य नाही. तथापि मराठी वाचकाच्या मनातील ध्रुवप्रदेशाचे चित्र घडविण्यात या ग्रंथाचा वाटा मोठा आहे. ग्रंथाची चर्चा बहुधा मूलस्थानाच्या प्रश्नाभोवतीच फिरत राहिली. प्रस्तुत लेखात त्याहून निराळा प्रश्न विचारला आहे : ध्रुवावर माणसे हिवाळा कशी काढतात, याचे भान या ग्रंथाला कितपत आहे?

ग्रंथातील ध्रुवीय आकाश

टिळकांची पद्धती ज्योतिषशास्त्रीय आहे. ध्रुवावर सहा महिन्यांचा दिवस व सहा महिन्यांची रात्र असते, उषःकाल सुमारे दोन महिने टिकतो, तारे क्षितिजाला समांतर फिरतात. ही लक्षणे आधी निश्चित करून टिळक वैदिक मंत्रांत त्यांच्या खुणा शोधतात. तैत्तिरीय संहितेतील तीस उषा, दहा महिन्यांत संपणारे गवामयन सत्र, दहाव्या युगात वृद्ध होणारा दीर्घतमा या विखुरलेल्या संदर्भांना ते एका सूत्रात ओवतात. या मांडणीची शिस्त आजही अनुकरणीय वाटते.

मात्र या आकाशाखाली थंडी जवळजवळ नाही. शेवटच्या हिमयुगापूर्वी ध्रुवप्रदेशाचे हवामान सौम्य व सुखकर होते आणि इसवी सनापूर्वी १०००० ते ८००० या काळात हिमाने ते स्थान नष्ट केले, असे टिळक त्यांच्या काळातील भूशास्त्राच्या आधारे मानतात. आजच्या ज्ञानानुसार हिमयुगाचा परमोच्च काळ सुमारे वीस हजार वर्षांपूर्वीचा आहे, आणि सुमारे ११,७०० वर्षांपूर्वी उष्णतर कालखंड सुरू झाला. म्हणजे टिळकांनी हिमाचे आक्रमण जेथे ठेवले, तेथे बर्फ प्रत्यक्षात मागे सरत होता. ग्रंथात ध्रुवीय रात्र आहे. ध्रुवीय हिवाळा गृहीतकानेच बाहेर राहिला आहे.

भयाचे कारण

या उणिवेचा परिणाम मूळ युक्तिवादावर होतो. रात्रीच्या पैलतीरावर सुखरूप पोहोचू दे, अशी प्रार्थना तैत्तिरीय संहितेत आहे. उजाडेल की नाही, अशी भीती पूर्वी ब्राह्मणांना वाटत असे, असे तिचे स्पष्टीकरणही तेथेच येते. सायणाचार्य याचा संबंध हिवाळ्यातील लांब रात्रींशी लावतात. टिळक तो अर्थ नाकारतात. हिवाळ्याची रात्र कितीही लांब असली तरी ती सरतेच, हे सर्वांना ठाऊक असते. सबब ही रात्र महिनोन्महिन्यांची असली पाहिजे, असा त्यांचा निष्कर्ष आहे. जालन्याच्या अक्षांशावर वर्षातील सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान दिवसांतील अंतर अडीच तासांच्या आत असते. त्यामुळे येथील वाचकाला हा युक्तिवाद चटकन पटतो.

परंतु हाच तर्क उलटही लावता येतो. पिढ्यान्‌पिढ्या ध्रुवावर राहणाऱ्या समाजाला आपली दीर्घ रात्रही सरतेच, हे तितकेच ठाऊक असणार. तेव्हा केवळ रात्रीची लांबी भयाचे पुरेसे कारण ठरत नाही. उजाडण्यापूर्वी अग्नी, धान्य वा प्रकृती साथ सोडील काय, ही शंका अधिक संभाव्य वाटते. सायणांनी हिवाळ्याकडे बोट दाखविले होते. टिळकांनी तो निर्देश फार लवकर बाजूला सारला.

यिमाचा 'वर'

ग्रंथातील अवेस्ताविषयक प्रकरणात हा विषय पुन्हा समोर येतो. वेंदिदादमध्ये अहुर मज्द यिमाला प्राणघातक हिवाळ्याची पूर्वसूचना देतो आणि 'वर' म्हणजे बंदिस्त आवार बांधण्यास सांगतो. तेथे सूर्य वर्षातून एकदाच उगवताना दिसतो व वर्ष एका दिवसासारखे वाटते. हे विधान टिळकांना ध्रुवाचा निर्णायक पुरावा वाटते. त्याच उताऱ्यात वाहते पाणी, न संपणारे अन्न, अग्नी, कृत्रिम व स्वयंभू दिवे आणि माणसे, जनावरे, वनस्पती यांची निवडक बीजे यांचाही तपशील आहे. डार्मेस्टेटर यांच्या अनुवादानुसार खोटारडा, मत्सरी, भ्रमिष्ट, किडक्या दातांचा अशा कोणालाही तेथे प्रवेश नाही. ही यादी हिवाळा काढण्याच्या व्यवस्थेची आहे. टिळकांचे लक्ष सूर्याविषयीच्या त्या विधानावर खिळले. कोठाराची यादी त्यांच्या प्रतिपादनात दुय्यम राहिली. पेवात धान्य साठवून टंचाईचे दिवस काढणाऱ्या मराठवाड्याच्या आणि बियाणे उद्योगासाठी ओळखल्या जाणाऱ्या जालन्याच्या वाचकाची नजर कदाचित आधी या बीजांकडेच जाईल.

प्रत्यक्षातील हिवाळा

टिळकांना उपलब्ध नसलेली एक कसोटी आज आपल्याजवळ आहे. १९८३-८४ मधील तिसऱ्या भारतीय मोहिमेने अंटार्क्टिकावर 'दक्षिण गंगोत्री' हे स्थानक उभारले आणि १९८४ मध्ये बारा जणांच्या तुकडीने तेथे पहिला हिवाळा काढला. हिमस्तरावरील हे स्थानक पुढे बर्फाखाली गाडले गेले. १९८९ पासून खडकाळ भूमीवरील 'मैत्री' कार्यरत आहे. मैत्रीचा अक्षांश सुमारे पावणेएकाहत्तर दक्षिण असल्याने मे महिन्याच्या उत्तरार्धापासून सुमारे दोन महिने तेथे सूर्य उगवत नाही. गवामयनावरून टिळकांनी काढलेले दहा महिने प्रकाश व दोन महिने अंधार हे गणित तेथील आकाशाशी जवळजवळ जुळते.

पण तेथील जीवन सूर्यापेक्षा जनित्रावर अवलंबून असते. शेवटचे जहाज परतल्यावर पुढील उन्हाळ्यापर्यंत असलेल्या साठ्यातच भागवावे लागते. हिमवादळातही हवामानाच्या व भूचुंबकत्वाच्या नोंदी थांबवता येत नाहीत. स्वयंपाकघरातील पाळी शास्त्रज्ञालाही चुकत नाही. सूर्य कोणत्या दिवशी परतणार हे प्रत्येकाला ठाऊक असते, तरीही निद्रानाश, चिडचिड व एकाग्रतेचा अभाव ही लक्षणे हिवाळी तुकड्यांत दिसून येतात. निवडीच्या वेळी शारीरिक तपासणीबरोबर मानसिक तपासणीही होते, ती याचसाठी. यिमाच्या यादीतील मत्सरी माणूस आणि किडका दात येथे अनपेक्षितपणे अर्थपूर्ण ठरतात.

उत्तर ध्रुवप्रदेशात 'हिमाद्री' हे भारतीय केंद्र २००८ पासून आहे. तेथील पहिली हिवाळी मोहीम डिसेंबर २०२३ मध्ये निघाली. सहभागी संस्थांत पुण्याची भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्था होती. टिळकांच्या ग्रंथानंतर एकशेवीस वर्षांनी पुण्यातील एक संस्था आर्क्टिकच्या त्या रात्रीत प्रत्यक्ष कामाला लागली.

निष्कर्ष

ग्रंथाचा हेतू कालनिर्णयाचा होता, तेव्हा त्यात दैनंदिन जीवन शोधणे अन्यायाचे आहे, असा आक्षेप येथे संभवतो. परंतु टिळकांचा पुरावा प्रार्थनांचा आहे, आणि प्रार्थना ही रात्र काढणाऱ्याची भाषा असते. तिच्यातून केवळ कालमान वेचले, तर पुराव्याचा अर्धा भाग हातातून निसटतो. या ग्रंथाची मूळ प्रेरणा १८९७-९८ च्या कारावासातील चिंतनात आहे. मॅक्सम्युलर यांनी पाठविलेला ऋग्वेद तेथे टिळकांच्या सोबतीला होता. बंदिस्त काळाचा इतका निकट अनुभव असलेल्या लेखकाच्या ग्रंथात बंदिस्त जीवनाची विचारपूस नसावी, ही त्याच्या ज्योतिषशास्त्रीय शिस्तीची किंमत होय.

संस्कृत, भूगोल, इतिहास व मराठी या विषयांच्या अध्यापकांनी हा ग्रंथ एकत्र वाचावा, असे येथे सुचवावेसे वाटते. मूलस्थानाचा सिद्धान्त बाजूला ठेवूनही तो वाचनीय आहे. वाचताना मात्र तीस उषांबरोबर यिमाच्या कोठारातील बीजे आणि अग्नीही मोजावेत.