राजदूतपदाच्या पानांआड

विजयालक्ष्मी पंडित यांचे ‘द स्कोप ऑफ हॅपिनेस’ हे आत्मचरित्र १९७९ साली प्रसिद्ध झाले. १९४७ मध्ये मॉस्को, १९४९ मध्ये वॉशिंग्टन येथील राजदूतपद, १९५३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचे अध्यक्षपद, १९६२ मध्ये महाराष्ट्राचे राज्यपालपद, या वैभवाच्या कथेत वाचक सहज रमतो. तथापि ग्रंथाचे खरे मोल वैधव्याच्या पानांत आहे. १९४४ मध्ये पती रणजित पंडित निवर्तले आणि पुत्र नाही म्हणून मराठी घराण्याच्या या सुनेला व तिच्या तीन मुलींना वारसाहक्क नाकारला गेला.

१९७९ सालीच सर्वोच्च न्यायालयाने सी. बी. मुथम्मा यांच्या याचिकेवर निकाल दिला. १९४९ मध्ये परीक्षा देऊन परराष्ट्र सेवेत आलेल्या त्या पहिल्या महिला. विवाहासाठी सरकारची लेखी परवानगी घ्यावी, संसार कामाच्या आड येईल असे वाटल्यास सरकार राजीनामा मागू शकेल, असा १९६१ चा नियम केवळ स्त्रियांसाठी होता. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्यातील पक्षपातावर कठोर प्रहार केला.

पंडितबाईंना राजदूतपदे नेमणुकीने मिळाली. घराण्याचे नावही पाठीशी होते. भंडारा जिल्ह्यातील एखाद्या घरात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या कन्येची वाट मात्र मुथम्मांचीच आहे. म्हणून हे आत्मचरित्र त्या निकालपत्राशेजारी ठेवून वाचावे. एकीला पुत्र नाही म्हणून डावलले गेले, दुसरीच्या विवाहावर पहारा बसविला गेला. दोघींची गुणवत्ता मात्र कोणी विचारात घेतली नाही. आत्मचरित्रातील मानसन्मानांपेक्षा हे सत्य आपल्या मुलींच्या अधिक उपयोगी पडेल.