डांबरी मिश्रणाची थकवा-कसोटी : एक परीक्षण

रस्त्याचा डांबरी थर एखाद्या जड वाहनाने सहसा फुटत नाही. लक्षावधी चाकांच्या पुनःपुन्हा पडणाऱ्या दाबाने तो हळूहळू भंगतो. चाक वरून जाताना थर किंचित वाकतो व त्याच्या तळाशी अत्यल्प लांबीवाढ होते. या सापेक्ष लांबीवाढीस विकृती म्हणतात आणि तिच्या पुनरावृत्तीमुळे होणाऱ्या ऱ्हासास थकवा. हा थकवा मोजणाऱ्या कसोटीच्या निष्कर्षांवर कितपत भिस्त ठेवावी, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

अमेरिकेत १९८७ ते १९९३ या काळात चाललेल्या महामार्ग-संशोधन कार्यक्रमात या कसोटीस तिचे प्रचलित रूप लाभले. सुमारे ३८० मिमी लांबीची मिश्रणाची तुळई चार ठिकाणी पकडून, बहुधा २० अंश सेल्सिअस उष्णतामानात, सेकंदास १० वेळा वाकविली जाते. थराच्या गणितात जी विकृती येते तीच येथे प्रत्यक्ष लादली जाते, हा या कसोटीचा मोठा गुण मान्य केलाच पाहिजे.

तथापि भंग कशाला म्हणावे, हा प्रश्न उरतोच. ताठरता मूळच्या निम्म्यावर आली की नमुना भंगला, असा संकेत दीर्घकाळ रूढ होता. परंतु ‘निम्मे’ हा आकडा द्रव्याने सांगितलेला नसून आपण ठरविलेला आहे. पुढे ताठरता व आवर्तनसंख्या यांचा गुणाकार जेथे शिखर गाठतो तो बिंदू भंगाचा मानण्यात येऊ लागला. ही सुधारणा स्वागतार्ह होय. कारण येथे निर्णय निदान द्रव्याच्या वर्तनावरून होतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. विकृती स्थिर ठेवली, तर तुळई दुबळी होत जाते तसतसा तिच्यावरील भारही उतरतो. अशा वेळी मऊ मिश्रण अधिक काळ टिकते. उलट भार स्थिर ठेवला, तर ताठर मिश्रण वरचढ ठरते. म्हणजे त्याच दोन मिश्रणांचा क्रम केवळ यंत्राच्या नियमनाने उलटू शकतो! सुमारे ५० मिमी जाडीचा पातळ थर पहिल्या स्थितीच्या जवळचा, तर १५० मिमीहून जाड थर दुसऱ्या स्थितीच्या जवळचा असतो. थराची जाडी न सांगता ‘हे मिश्रण उत्तम’ असे म्हणणे म्हणूनच निरर्थक होय.

तिसरी उणीव विश्रांतीची. रस्त्यावर दोन चाकांच्या मध्ये काही अवकाश असतो आणि तेवढ्यात डांबरातील सूक्ष्म भेगा अंशतः सांधल्या जातात. अखंड वाकविल्या जाणाऱ्या तुळईस ती सवड नाही. त्यामुळे प्रयोगशाळेतील आयुष्यास मोठ्या गुणकाने गुणून ते रस्त्यास लावावे लागते. भारतीय रस्ते महासभेच्या २०१८ च्या संहितेत २० टक्के पृष्ठभागावर जाळीदार भेगा पडणे हा भंग मानला असून, तीमधील सूत्रात विकृतीचा घातांक ३.८९ आहे. विकृती दुप्पट झाली, की आयुष्य सुमारे पंधराव्या हिश्श्यावर येते. इतक्या संवेदनशील सूत्रात तुळईचा आकडा विचार न करता घातल्यास रस्ता अकाली फुटतो, किंवा जनतेचा पैसा अनावश्यक जाडीत जातो.

खाच पाडलेली अर्धवर्तुळाकार चकती फोडून भेगेच्या वाढीस लागणारी ऊर्जा मोजण्याची पद्धती अलीकडे पुढे आली आहे. ती जलद व स्वस्त आहे. इलिनॉय येथील संशोधकांनी केवळ ऊर्जेवर न थांबता भार किती वेगाने कोसळतो हेही जमेस धरले, हे उचितच झाले. कारण ऊर्जा समान असूनही एक मिश्रण ठिसूळ व दुसरे चिवट असू शकते. परंतु नीट न दाबलेला, अधिक पोकळ्यांचा नमुना या मापनात वरचा गुण मिळवून जातो. असा थर रस्त्यावर लवकर खराब होतो, हे सर्वविदित आहे.

सारांश, कोणत्याही एका आकड्याने मिश्रणाची निवड करू नये. नियमनाचा प्रकार, विकृतीचे मान, उष्णतामान, पोकळ्यांचे प्रमाण आणि भंगाची व्याख्या यांचा उल्लेख नसलेला निष्कर्ष अपूर्ण समजावा. कसोटीचे उत्तर हे द्रव्याच्या गुणाइतकेच आपण विचारलेल्या प्रश्नाचेही उत्तर असते.