सोवळे आणि क्षमा

लूकच्या शुभवर्तमानातील पंधराव्या अध्यायात उधळ्या पुत्राची गोष्ट आहे. निव्वळ गोष्ट म्हणून पाहिली तरी ती मला जगातल्या उत्तम लघुकथांपैकी एक वाटते. परंतु आपल्याकडे तिचे रसग्रहण करण्याचे काम बहुधा उपदेशकांवरच पडले. उपदेशक तात्पर्य उचलतो आणि गोष्ट तिथेच ठेवून जातो. पापी माणसाला पश्चात्ताप झाला म्हणजे देव क्षमा करतो, एवढेच सांगायचे असते तर एक वाक्य पुरले असते.

धाकटा मुलगा बापाच्या हयातीतच वाटणी मागतो, दूर देशी जाऊन सारे उधळतो, आणि दुष्काळ पडल्यावर दुसऱ्याची डुकरे राखतो. त्यांच्यापुढे टाकलेल्या शेंगांवरही त्याचा डोळा जातो. घर आठवते ते तेव्हा! बापाच्या घरी गडीमाणसेसुद्धा पोटभर जेवतात, हा त्याचा हिशेब आहे. त्यात हृदयपालट थोडा आणि पोट फार. आमच्या नंदुरबार जिल्ह्यातली कितीतरी आदिवासी कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात आणि होळीच्या ओढीने सातपुड्यात परततात. परमुलखात राबताना घर कसे आठवते, हे त्यांना समजावून सांगावे लागत नाही. नवापूरकडे ख्रिस्ती वस्ती पुष्कळ आहे. तिथल्या श्रोत्यांना ही गोष्ट परदेशची वाटत नसावी.

मुलगा वाटेत बोलणे पाठ करतो: मी पाप केले, मुलगा म्हणवून घ्यायला लायक नाही, मला गडी म्हणून ठेवा. पण बाप त्याला दुरूनच पाहतो आणि धावत सुटतो. म्हातारा, प्रतिष्ठित गृहस्थ भररस्त्यात धावतो! मुलगा पाठ केलेले बोलू लागतो खरा, पण गडी म्हणून ठेवण्याची शेवटची मागणी त्याच्या तोंडून बाहेर पडतच नाही. तोवर बापाने झगा, अंगठी आणि पायतण आणायला माणसे पिटाळलेली असतात. वाचताना ही जागा हटकून निसटते. मला तर सारी कथा तिच्यातच साठवलेली दिसते.

आणखी एक गोष्ट बाप करीत नाही. तो मुलाला आधी न्हाऊन ये असे म्हणत नाही. यहुदी धर्मात डुक्कर निषिद्ध; तरी त्या वासासकट बाप त्याला मिठीत घेतो. झगा मागाहून. नरकचतुर्दशीच्या पहाटे जो न्हाला नाही तो नरकात गेला, असे हसत हसत म्हणणाऱ्या आपल्याला हे जरा जड जाते. अपात्रावर कृपा होते ही कल्पना मात्र आपल्याला परकी नाही. मरताना मुलाला नावाने हाक मारणारा अजामिळ त्या 'नारायण' नावाने तरला, असे भागवतच सांगते. वाल्या कोळ्याला मात्र अंगावर वारूळ चढेपर्यंत बसावे लागले. आपण कीर्तनात अजामिळाला तारतो आणि घरी वाल्याचा कायदा चालवतो.

या दृष्टीने लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' पुन्हा वाचावीत. पुस्तकाच्या आरंभीच एक बाप भेटतो. १८५७च्या बंडानंतर आजोबांना फाशी झाली आणि वडिलांच्या मनाने सोवळ्याचा ध्यास घेतला. घरात येणारा जिन्नस, अगदी मीठसुद्धा, धुऊन घेणारे हे वडील. लूकने रंगवलेल्या बापाच्या अगदी उलट टोकाचा हा बाप आहे. दुष्ट नव्हे, घाबरलेला. आणि त्याच्या भीतीखाली सारे घर चिरडलेले. लक्ष्मीबाई हे सांगतात ते हसवत. ज्याने आपल्याला छळले त्याचे असे चित्र रागाने काढता येत नाही.

नवऱ्याच्या बाबतीतही तेच. १० फेब्रुवारी १८९५ रोजी नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो असे ते सांगत, पण पत्नी पुलाच्या अलीकडेच राहिली होती. पुढली काही वर्षे तिने मुलाला घेऊन वेगळी काढली. मग स्वतःच्या विचाराने आधी शिवाशीव सोडली आणि त्यानंतर, १९०० साली, बाप्तिस्मा घेतला. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे, संसार अनेकदा वाऱ्यावर असे; उधळ्या पुत्र कोण हे वाचकाने ठरवावे. काही टीकाकार लक्ष्मीबाईंच्या विनोदाला निरागस म्हणतात. मला ते पटत नाही. सारा हिशेब चोख लक्षात असलेल्या आणि वसुलीला न निघालेल्या बाईचा तो विनोद आहे.

कारण क्षमेचा भार पडतो तो घरी राहिलेल्यावर. लूकच्या कथेतला थोरला भाऊ शेतावरून येतो, गाणेबजावणे ऐकतो आणि आत जायला नकार देतो. इतकी वर्षे राबलो, मला एक करडूही मिळाले नाही, ही त्याची तक्रार खोटी नाही, आणि बापही तिला खोटी म्हणत नाही. तो बाहेर येऊन त्याची समजूत घालतो. थोरला आत गेला की नाही, हे कथेत सांगितलेले नाही. उपदेशक हा भाग पुष्कळदा गाळतात, आणि मग उरतो तो सोपा पश्चात्ताप.

टिळक १९१९ साली वारले. मागे 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले होते. शाळेत कधी न गेलेल्या लक्ष्मीबाईंनी ते ओवी ओवी करून पुरे केले.