खेळाडू कोणास म्हणावे?

अलीकडच्या मराठी ललित लेखनात व्हिडिओ गेम खेळणारी व्यक्ती शोधू गेल्यास ती बहुधा एकाच रूपात भेटते. वय चौदा ते वीस, मुलगा, खोलीचे दार बंद, डोळ्यांखाली काळी वर्तुळे; हाक मारली की ‘आलोच’ म्हणणार आणि येणार नाही. लेखकाला त्याची काळजी वाटते, क्वचित कीव येते. कुतूहल मात्र वाटत नाही. तो नेमके काय खेळतो, त्यात कसब कोणते, हरतो तो कोणत्या चुकीमुळे, याचा पत्ता कथेत कोठेही लागत नाही. क्रिकेटवर इतक्या तुटपुंज्या माहितीने कोणी लिहिले असते तर वाचकांनी त्याला सोडले नसते. आमचा आक्षेप या चित्राच्या एकांगीपणाला आहे, आणि त्याहून अधिक, या चित्रात न बसणाऱ्या माणसाला आपण खेळाडू म्हणून ओळखतच नाही, याला आहे.

शब्दांकडेच पाहावे. ‘गेमर’ हा शब्द मराठीत आला तो पुल्लिंगी आणि तरुण होऊनच. तोच खेळ सूनबाई खेळल्या तर ‘वेळ घालवतात’, आजोबा खेळले तर ‘विरंगुळा’, अकरावीतला नातू खेळला तर ‘व्यसन’. खेळ एकच, खेळणाऱ्याचे वय आणि लिंग बदलले की नाम बदलते. ‘खेळाडू’ हा भारदस्त शब्द यांपैकी कोणाच्याच वाट्याला येत नाही.

वास्तविक बैठे खेळ हा आपल्या घरांत पोरांचा प्रांत कधीच नव्हता. सारीपाट मोठ्यांचा. वाड्यातल्या दुपारी मेंढीकोट आणि बदाम सात रंगत ते जेवणे आटोपलेल्या बायकांचे. मंगळागौरीच्या रात्री तर साठीच्या काकूही फुगडीला उभ्या राहत. मात्र ती मोकळीक व्रताच्या आडोशाने मिळालेली, वर्षातून एका रात्रीची. स्त्रीच्या खेळाला काहीतरी निमित्त लागते आणि पुरुषाच्या खेळाला क्लबाची वर्गणी पुरते, हे सूत्र आपण संगणकाच्या युगातही जसेच्या तसे आणले.

शासकीय सेवेत आयुष्य गेल्यामुळे आम्हांस आणखी एक वर्ग ठाऊक आहे. १९९० मध्ये विंडोज ३.० बरोबर सॉलिटेअर हा पत्त्यांचा खेळ संगणकात आला आणि पुढे जेथे जेथे कचेऱ्यांत संगणक पोहोचले तेथे तेथे तोही पोहोचला. टिपणी लिहिताना ज्यांचा हात थरथरे, असे प्रौढ लिपिक माउसवर हात बसवायला या खेळातच शिकले. त्यांना कोणी खेळाडू म्हटले नाही, आणि ते स्वतःही म्हणवून घेते ना! तीच गोष्ट लुडो किंगची. नवी मुंबईतील एका कंपनीने २०१६ मध्ये काढलेला हा खेळ २०२० च्या टाळेबंदीत घरोघर गेला. पुण्याची मावशी, इंदूरचे मामा आणि अमेरिकेतील भाचा एका पटावर बसले.

अर्थात सोंगटी सरकवणारा प्रत्येक जण खेळाडू नव्हे. मग ओळखावे कसे? आमच्या परिचयातील एक आजी, वय पंच्याहत्तरीच्या पुढे, २०१२ साली आलेला कँडी क्रश हा खेळ कित्येक वर्षे खेळत आहेत. या खेळात ठरावीक चालींत पट सोडवावा लागतो. पाच ‘जीव’ मिळतात. एक गेला की तो आपोआप परत यायला अर्धा तास लागतो, नाहीतर पैसे मोजून विकत घ्यावा. आजींनी आजवर एक पैसा मोजलेला नाही. त्या अर्ध्या तासात त्या भाजी निवडतात आणि निवडता निवडता हरलेला पट मनात पुन्हा मांडतात. त्यांच्याजवळ दोनशे पानी वही आहे. अवघड पटाचा क्रमांक, कोठून फोडायला घेतला, कोठे फसले, हे तीत पेन्सिलीने लिहिलेले असते. खेळ बंद केल्यावरही जो त्या खेळाचा विचार करतो आणि हरल्यावर नशिबाला बोल न लावता चाल तपासतो, तो खेळाडू. आमच्या मते एवढी कसोटी पुरेशी आहे, आणि तीत वयाचा रकाना नाही.

जपानमधील हमाको मोरी यांचा जन्म १९३० चा. पन्नाशी ओलांडल्यावर, १९८१ च्या सुमारास, त्या व्हिडिओ गेमकडे वळल्या. वयाच्या नव्वदाव्या वर्षी, २०२० मध्ये, यूट्यूबवर खेळ दाखवणारी जगातील सर्वांत वयोवृद्ध व्यक्ती म्हणून गिनेस बुकाने त्यांची नोंद केली. अमेरिकेतील शर्ली करी या आजींच्या नावाचे पात्र आपल्या आगामी खेळात घालण्याचे एका कंपनीने २०१९ मध्ये जाहीर केले. ही उदाहरणे आपल्याकडे छापली जातात ती ‘नवलाई’च्या सदरात. नवल कशाचे? चाळीस वर्षे एखादी विद्या जोपासणाऱ्या गायिकेला आपण नवलाईत टाकत नाही.

आपल्या प्रांतातलेच उदाहरण घेऊ. छिंदवाडा जिल्हा नागपूरला लागून. त्यातील उमरानाला हे लहानसे गाव. तेथील पायल धारे या तरुणीने मोबाइलवरील खेळ खेळून दाखवत लाखो प्रेक्षक मिळवले. एप्रिल २०२४ मध्ये देशातील निवडक खेळाडूंना पंतप्रधानांनी चर्चेस बोलावले, तेव्हा त्या गटात त्या एकट्याच स्त्री होत्या. मुंबईचे मिथिलेश पाटणकर त्याच गटात होते. मात्र पायल यांच्यावर लिहिताना ‘खेड्यातली मुलगी असून’ हे पालुपद काही सुटत नाही. हा ‘असून’ आम्हांस खटकतो. त्यात कौतुक आहे तसा संशयही आहे. त्यांचे खेळातील निर्णय कसे असतात, यावर चार ओळी कोणी लिहिल्या तर त्या कौतुकास काही अर्थ येईल.

हा संशय जुनाच आहे. नाट्याचार्य कृ. प्र. खाडिलकरांच्या घराण्यातील वासंती, जयश्री आणि रोहिणी या तिन्ही बहिणी बुद्धिबळात राष्ट्रीय पातळीवर चमकल्या. १९७६ मध्ये तेरा वर्षांच्या रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या, तेव्हा केवढा गहजब झाला! प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. अखेर जागतिक बुद्धिबळ संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी स्त्रियांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही असा निर्णय दिला. १९८१ मध्ये रोहिणी आशियाई महिला विजेत्या झाल्या. पटावरच्या घोड्याला कोणाचा हात लागला हे कळत नाही. बाहेरच्या मंडळींना मात्र तेच आधी दिसते.

येथे कोणी म्हणेल की व्यसनाचे काय, पैशाच्या नासाडीचे काय? प्रश्न रास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंगच्या विकाराला आपल्या रोगसूचीत स्थान दिले असून ती सूची २०२२ पासून लागू झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळले जाणारे ऑनलाइन खेळ निषिद्ध ठरवले. परंतु याच कायद्याने ई-स्पोर्ट्स आणि निव्वळ करमणुकीचे खेळ वेगळे काढून त्यांना उत्तेजनही दिले. कायद्यांचे मसुदे वाचण्यात उमेद घालवलेल्या आमच्यासारख्यास ही वर्गवारी आवडली. ती खेळाचे स्वरूप पाहते, खेळणाऱ्याचा चेहरा पाहत नाही. साहित्यिकांनी कायद्याच्या मागे राहावे, हे काही बरे दिसत नाही.

आणि इंदूरकरांनी तर नाहीच. १९५२-५३ मध्ये होळकर संघाने चौथ्यांदा रणजी करंडक जिंकला, तेव्हा कर्नल सी. के. नायडू ५७ वर्षांचे होते. पुढे साठी उलटल्यावरही ते रणजी सामन्यात खेळले. या शहराने त्यांच्या वयाचा अभिमानच बाळगला.

वर सांगितलेल्या आजी याच शहरात राहतात. दारावरची घंटा वाजली की त्यांचा मोबाइल उशीखाली जातो आणि वही भाजीच्या टोपलीखाली.