‘रणांगण’ : किनारा लाभलेला निवेदक

वाचकाची जगाकडे पाहण्याची दृष्टी बदलणाऱ्या कादंबऱ्यांची चर्चा बहुधा त्यांतील विचारांच्या अनुषंगाने होते. विश्राम बेडेकर यांच्या ‘रणांगण’ (१९३९) या कादंबरीच्या बाबतीत ही रीत अपुरी पडते. युद्धविरोध, वंशद्वेषाचा धिक्कार, प्रेमाची शोकात्मिका हे तिचे नित्याचे विशेष सांगून झाले, तरी ती वाचल्यावर मनात उरणाऱ्या अस्वस्थतेचा उलगडा होत नाही. ही अस्वस्थता निवेदकाच्या स्थानातून निर्माण होते, असे मांडता येईल.

युरोपातून पूर्वेकडे निघालेल्या बोटीवर चक्रधर विध्वंस हा मराठी तरुण आणि हॅर्टा ही जर्मन ज्यू तरुणी एकत्र येतात. तो मायदेशी परतत आहे. ती देशाबाहेर फेकली गेली आहे. जुलै १९३८ मध्ये फ्रान्समधील एव्हियाँ येथे ३२ राष्ट्रांचे प्रतिनिधी निर्वासितांच्या प्रश्नावर जमले. परंतु बहुतेकांनी सहानुभूतीपलीकडे काही दिले नाही. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून जर्मन ज्यूंच्या पासपोर्टवर ‘जे’ हे अक्षर उमटू लागले. व्हिसाशिवाय उतरता येईल असे शांघायसारखे एखादेच बंदर जगात उरले होते. बेडेकरांची बोट या पार्श्वभूमीवर वाचली म्हणजे चक्रधर आणि हॅर्टा यांच्यातील खरे अंतर ध्यानात येते. ते धर्माचे वा वर्णाचे नाही, कागदपत्रांचे आहे.

१९३९ चा मराठी वाचक स्वतःला पराधीन राष्ट्राचा नागरिक समजत होता आणि ते यथार्थच होते. जगाच्या व्यवहारात आपण अन्याय सोसणाऱ्यांच्या बाजूला आहोत, ही त्याची स्वाभाविक धारणा होती. ‘रणांगण’ या धारणेला हळूच धक्का देते. ब्रिटिश हिंदुस्थानच्या प्रजाजनाला निदान मुंबई बंदर आहे. गुलामीचा दाखला ठरलेला तोच पासपोर्ट त्या डेकवर एकाएकी ऐश्वर्य ठरतो. पीडितालाही दुसऱ्या पीडितापुढे सुरक्षित प्रेक्षकाची भूमिका घेता येते, ही गोष्ट कादंबरी कोठेही विधान करून सांगत नाही; चक्रधराच्या वागण्यातून ती उमगत जाते.

चक्रधर पूर्वीच्या प्रेमभंगाने कडवट झालेला आहे. हा कडवटपणा त्याला चिलखतासारखा उपयोगी पडतो. हॅर्टाच्या उत्कटतेला तो प्रतिसाद देतो, पण जबाबदारीचा प्रश्न उभा राहताच आपल्या जखमेच्या आडोशाला जातो. समीक्षकांनी या जखमेला बरीच सहानुभूती दिली आहे. ती काहीशी अनाठायी वाटते. प्रथमपुरुषी निवेदनामुळे वाचक त्याच्याच डोळ्यांनी पाहतो, त्याच्या सबबी स्वतःच्या मानतो आणि त्या सबबींची किंमत फार उशिरा त्याच्या लक्षात येते. शेवटी हॅर्टाची पत्रे येतात. तोवर निवेदकाच्या शब्दांतून दिसणारी स्त्री तेथे स्वतःच्या शब्दांत बोलते, आणि तिने समुद्रात देह टाकल्याचे कळते, तेव्हा आधीची सारी पाने नव्याने वाचावी लागतात.

एक उणीव मात्र नोंदवलीच पाहिजे. हॅर्टाचे समर्पण इतके निरपेक्ष रंगविले आहे की, तिचा मृत्यू अखेर चक्रधराच्या जागृतीचे साधन ठरतो. फडके-खांडेकरांच्या काळातील नायिकेची सावली येथे पूर्णपणे पुसली गेलेली नाही. बोटीवरील इतर निर्वासितांच्या अंतरंगातही कादंबरी फारशी शिरत नाही. अर्थात, ही मर्यादा निवेदकाच्या दृष्टीचीही आहे, असा बचाव करता येईल. तो अगदीच निराधार नाही.

पदवीच्या वर्गात ही कादंबरी शिकविताना ‘चक्रधराचे हॅर्टावर खरे प्रेम होते काय?’ हा प्रश्न हमखास विचारला जातो आणि तास त्यातच संपतो. प्रश्न गैर नाही, पण त्यामुळे बोट प्रेमकथेचा केवळ नेपथ्यभाग होऊन जाते. हॅर्टाला मुंबईस का उतरता येत नाही, हे विद्यार्थ्यांना विचारून पाहण्यासारखे आहे. मुंबईपुढचा तिचा प्रवास वाचकाला समजतो तो केवळ पत्रांमधून. कारण चक्रधराबरोबर तोही बोटीवरून उतरलेला असतो.