मुद्राचित्रणातील एकाकीपण
मुद्राचित्रण ही मूलतः बहुजनांपर्यंत पोहोचणारी कला. एका ठशावरून अनेक प्रती निघतात व त्या अल्पमोलात घरोघर जातात. तथापि माणसाचे एकाकीपण व्यक्त करण्यासाठी आधुनिक कलावंतांनी याच माध्यमाचा आवर्जून अवलंब केला. नॉर्वेजियन चित्रकार एडव्हार्ट मुंक (१८६३–१९४४) याने समुद्रकिनाऱ्यावरील एकाकी स्त्री-पुरुषांच्या काष्ठठशासाठी (१८९९) फळी करवतीने कापली, तुकड्यांना निरनिराळ्या शाया लावल्या व ते पुन्हा जुळवून छापले. सांध्यात उरणारी बारीक कोरी रेषा हीच तेथे दुराव्याची खूण ठरते.

महाराष्ट्रात या दृष्टीने चित्तप्रसाद (१९१५–७८) यांचे लिनोठसे विशेष महत्त्वाचे होत. जन्माने बंगाली असलेले हे चित्रकार १९४६ पासून मुंबईत, अंधेरी येथे राहिले. बंगालच्या दुष्काळावरील त्यांच्या पुस्तिकेच्या (१९४३) प्रती ब्रिटिश सरकारने जप्त करून नष्ट केल्या होत्या. पुढे साम्यवादी पक्षापासून ते दुरावले आणि त्यांची अखेरची वर्षे बरीचशी एकांतात गेली. या चरित्रावरून त्यांची चित्रे उदास असावीत असा तर्क होतो. तो मात्र फसवा आहे. त्याच काळातील त्यांचे माता-बालक व प्रेमी युगुले यांचे ठसे उत्फुल्ल, काहीसे अलंकरणप्रधानच आहेत.

खरे एकाकीपण दिसते ते कष्टकरी मुलांवरील मालिकेत. युनिसेफच्या डॅनिश समितीने ती १९६९ मध्ये प्रसिद्ध केली. लिनोठशात न कोरलेला पृष्ठभाग शाई घेतो आणि कोरलेला भाग पांढरा राहतो. म्हणजे काळोख आधीच असतो व आकृती त्यातून खणून काढावी लागते. चित्तप्रसादांनी या गुणाचा नेमका उपयोग केला आहे. हे मूल निर्जनात नसते, भर शहरात असते. पण त्याची विचारपूस करणारे तेथे कोणी नसते. काही ठशांत करुणा जरा अधिकच आळवली गेली आहे, हेही नमूद करावयास हवे.

चित्तप्रसादांच्याच सहवासात घडलेले सोमनाथ होर (१९२१–२००६) यांनी १९७१ नंतरच्या ‘जखमा’ या मालिकेत कागदाच्या लगद्यावर पांढऱ्यात पांढरे उठाव घेतले. तेथे माणूसच उरला नाही. उरला फक्त व्रण.